पूर्वज वंशावळीतले आणि पूर्वज डीएनएतले

डीएनए चाचणीचा अहवाल हातात आला की पुष्कळांना एकच प्रश्न पडतो. पणजोबांच्या पणजीची आजी कुठल्या दूर देशातून आली होती, असं घरात सगळे सांगतात, मग तिचा मागमूस अहवालात का नाही? लगेच कुणीतरी म्हणतं, म्हणजे ती गोष्टच खोटी. तसं अजिबात नाही. ‘पूर्वज’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. ज्यांच्या पोटी पिढ्यान्‌पिढ्या जन्म होत होत आपण इथवर आलो, ते वंशावळीतले पूर्वज. आणि ज्यांच्या डीएनएचा निदान एक तुकडा आज आपल्या पेशींत आहे, ते डीएनएतले पूर्वज. दुसऱ्या गटातले सगळे पहिल्यात असतात, पण पहिल्यातले सगळे दुसऱ्यात नसतात.

वंशावळीचं गणित सरळ आहे. आई-वडील २, आजी-आजोबा ४, पणजी-पणजोबा ८. दहा पिढ्या मागे गेलात की १,०२४ जागा होतात. नात्यात लग्नं झालेली असतात, त्यामुळे काही जागांवर तीच माणसं पुन्हा येतात, पण एकही जागा रिकामी नसते.

डीएनएची वाटणी अशी होत नाही. अंडपेशी तयार होताना काय घडतं ते जरा जवळून बघू. आईकडे प्रत्येक गुणसूत्राच्या, म्हणजे डीएनएच्या लांबलचक धाग्याच्या, दोन प्रती असतात, एक तिच्या आईकडून आलेली, एक वडिलांकडून. अंडपेशीत जाते एकच. त्याआधी दोन्ही प्रती एकमेकींना बिलगतात, एखाद-दोन ठिकाणी तुटतात, आणि तुटलेले भाग अदलाबदल होऊन जोडले जातात. मुलाला मिळणाऱ्या सगळ्या गुणसूत्रांत मिळून आईकडून असे चाळीसेक सांधे येतात, वडिलांकडून पंचवीसेक. एवढेच. २१ क्रमांकाचं गुणसूत्र तर इतकं लहान की ते बरेचदा एकही सांधा न पडता, अखंडच पुढे जातं. समजा, तुमच्या वाट्याला आईच्या वडिलांची अख्खी प्रत आली. मग आजीचं ते गुणसूत्र तुमच्यापुरतं तिथेच संपलं, तुमच्या भावाला कदाचित मिळालं असेल. म्हणून आईकडून निम्मा डीएनए आला तरी आजीकडून नेमका २५ टक्के येत नाही. तिच्याकडून २८ आला, तर त्या आजोबांकडून २२.

खरी गंमत पुढे आहे. पूर्वज दर पिढीला दुप्पट होतात, डीएनएचे तुकडे मात्र दर पिढीला साठ-सत्तरनेच वाढतात. दहाव्या पिढीपर्यंत तुकडे होतात सहाशेच्या आसपास, आणि त्यातले काही एकाच पूर्वजाच्या वाट्याला जातात. १,०२४ पैकी निम्म्याहून जास्त पूर्वजांचं तुमच्यात काहीही उरलेलं नसतं. पंधराव्या पिढीत ३२,७६८ जागा असतात आणि ज्यांचा तुकडा पोचला असे पूर्वज हजाराच्या आत. खापरपणजीचा वाटा तुमच्यात जवळजवळ नक्की सापडेल. तिच्या खापरपणजीची खात्री देता येत नाही. ती नसती तर तुम्ही जन्मालाच आला नसतात, ही गोष्ट मात्र तेवढीच खरी राहते.

या अदलाबदलीच्या तावडीतून दोन धागे सुटतात. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचा, डीएनए फक्त आईकडून येतो, पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, आणि त्याचा बराचसा भाग अखंड. त्यांत फरक पडतो तो उत्परिवर्तनांनी, म्हणजे नक्कल करताना बदललेल्या डीएनएच्या अक्षरांनी. हस्तलिखित पोथ्यांचे अभ्यासक पाठभेदांवरून कोणती प्रत कशावरून उतरवली ते ओळखतात, तसंच हे. दोघांकडे एकच दुर्मीळ बदल दिसला, तर तो बहुधा एकाच पूर्वजाकडून आलेला असतो. संपूर्ण डीएनए धरला तर प्रत्येक नवजात बाळात असे साठ-सत्तर नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी, काही घातक, आणि एखादाच असा, की मोठेपणीही दूध पचवता यावं.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टरला सापडलेला सांगाडा त्याचाच का, हे ठरवताना दोन्ही धागे तपासले. त्याच्या बहिणीच्या मातृवंशातल्या दोन हयात व्यक्तींपैकी एकीचा १६,५६९ अक्षरांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तंतोतंत जुळला, दुसरीत फक्त एका अक्षराचा फरक निघाला. कागदावरच्या पितृवंशातल्या नातेवाइकांचं वाय गुणसूत्र मात्र जुळलंच नाही. मधल्या कुठल्यातरी पिढीत कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. इथे वंशावळ चुकली असं ठामपणे म्हणता येतं, कारण हा धागा मधेच विरत नाही. बाकीच्या गुणसूत्रांवर इतकं लांबचं नातं दिसण्याची आशाच नव्हती.

पूर्वजांच्या दोन अर्थांच्या याच गोंधळातून ‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’ म्हणजे जगातली पहिली स्त्री, असा चुकीचा अर्थ लावला जातो. रेबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं की आज जिवंत असलेल्या सगळ्यांचे मातृधागे सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या, बहुधा आफ्रिकेतल्या, एका स्त्रीपाशी मिळतात. ती पहिली स्त्री नव्हती, एकटीही नव्हती. तिच्या काळातल्या कितीतरी बायकाही आपल्या वंशावळीत आहेत. फरक इतकाच की त्यांच्यापासून आपल्यापर्यंतच्या वाटेत कुठेतरी एखादा मुलगा आला, आणि निव्वळ आई-मुलगी असा धागा तुटला. त्यांच्या इतर गुणसूत्रांचे तुकडे आपल्यात असू शकतात.

उलट टोकाला निअँडरथल, म्हणजे आपल्या जवळची, पण नामशेष झालेली मानवजात. ते संपून सुमारे चाळीस हजार वर्षं झाली, तरी आफ्रिकेबाहेरच्या वंशाच्या माणसांच्या डीएनएत त्यांचा वाटा अजून एक ते दोन टक्के आहे. कुणात कोणते तुकडे उरतील ते वेगवेगळं, त्यामुळे बऱ्याच माणसांतले तुकडे एकत्र जोडले की निअँडरथलांच्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा, पाचवा भाग तरी हाती लागतो.