शिल्पशिक्षण, कलाशाळेतील

मातीत आकार घडवणे, त्या आकाराचा साचा घेऊन तो टिकाऊ माध्यमात उतरवणे आणि दगड किंवा लाकूड कोरून शिल्प काढणे, या कामांचे कलाशाळेत दिले जाणारे पद्धतशीर प्रशिक्षण. महाराष्ट्रात त्याची घडी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) बसली. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये तेथे वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून आले. मुंबईत तेव्हा मोठ्या सार्वजनिक इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांना कोरीव काम करणारे हात हवे होते. त्यामुळे या शिक्षणाचा प्रारंभीचा कल अलंकरणाकडे होता. क्रॉफर्ड मार्केटची उत्थित (सपाटीवर उठावात कोरलेली) शिल्पे आणि व्हिक्टोरिया टर्मिनसची सजावट यांत त्याचे फळ दिसते. स्वतंत्र मानवाकृतीची वाट गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच, १८९६च्या सुमारास, प्लॅस्टरमध्ये केलेल्या ‘मंदिर पथगामिनी’ने ठळक केली.

शिक्षणाचा आरंभ शाडूच्या मातीने होतो. ओली माती स्वतःचे वजन पेलत नाही, म्हणून व्यक्तिशिल्पासाठी फळीवर लोखंडी सळीचा आणि तारेचा सांगाडा (आर्मेचर) उभारतात आणि डोक्याच्या पोकळीत लाकडाच्या लहान फुल्या तारेने टांगतात. त्यांना ‘बटरफ्लाय’ म्हणतात. त्या नसतील तर हनुवटी हळूहळू खाली सरकते. कवटीचे आणि मानेचे मोठे घनाकार आधी बसवावेत, डोळे-ओठ नंतर, हा क्रम शिक्षकांना वारंवार सांगावा लागतो, कारण नवखा हात प्रथम डोळ्यांकडेच वळतो. समोर बसलेल्या मॉडेलची मापे कॅलिपरने घेतात, स्टँड फिरवून प्रत्येक बाजूची बाह्यरेषा तपासतात आणि काम थांबवताना ओले फडके व प्लॅस्टिक गुंडाळतात. शाडू वाळताना आकसतो, पण आतली सळी आकसत नाही, त्यामुळे तडे जातात.

गुण मुख्यतः मातीकामाला मिळतात. विद्यार्थ्याची खरी कसोटी मात्र साचाकामात लागते. एकाच प्रतीपुरत्या ‘वेस्ट मोल्ड’मध्ये कानांमागून डोक्यावरून पातळ पत्र्याच्या पट्ट्या मातीत खोचून साच्याचे दोन भाग आखतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात भुरभुरावे, प्लॅस्टरवर पाणी ओतू नये, आणि फार ढवळू नये, नाहीतर बुडबुडे धरतात. पहिला थर नीळ किंवा गेरू कालवून हाताने शिंपडतात, दुसरा जाड थर पांढराच ठेवून त्यात काथ्या किंवा सळ्या घालतात. जिप्सम हे खनिज भाजून प्लॅस्टर बनवताना काढून टाकलेले पाणी प्लॅस्टर परत शोषते, त्यामुळे ते काही मिनिटांत घट्ट होते आणि हाताला गरम लागते. मग साचा उघडून माती उकरतात, आतली बाजू धुऊन तिला साबणाच्या पाण्याचे हात देतात, दोन्ही भाग बांधून आत प्लॅस्टर भरतात आणि बोथट छिन्नीने साचा फोडतात. रंगीत थर दिसू लागला की शिल्प अगदी जवळ आले असे समजून हात हलका करायचा असतो. येथे घाईने नाक उडाल्याची उदाहरणे प्रत्येक वर्गात सापडतात. अनेक प्रती हव्या असल्यास तुकड्यांचा साचा किंवा रबराचा साचा घेतात.

आज अंतिम माध्यम म्हणून वर्गात फायबरग्लास सर्रास वापरतात, कारण ते हलके आणि तुलनेने स्वस्त असते. त्यातील रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) घट्ट होण्याची क्रिया जलद करणारे कोबाल्टचे द्रावण आणि ती सुरू करणारा हार्डनर वेगवेगळे मिसळावे लागतात. ते दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो. फायबरला ब्राँझचा रंग देण्याची सवय मात्र शिक्षणाच्या दृष्टीने घातक वाटते, कारण विद्यार्थ्याला खऱ्या ब्राँझशी झुंजावेच लागत नाही. ब्राँझ हा मुख्यतः तांबे आणि कथिल यांचा मिश्रधातू. मेणाची सारख्या जाडीची पोकळ प्रत, धातू आत जाण्याच्या आणि हवा बाहेर पडण्याच्या वाटा, मेण वितळवून काढणे व ओतकाम, असा त्याचा मार्ग आहे. ओतकाम झाल्यावरही जोड घासणे आणि रसायनांनी रंग चढवणे उरतेच.

दगडात काढलेले परत लावता येत नाही. टोकदार, दातेरी आणि मग सपाट अशा क्रमाने छिन्न्या चालतात. संगमरवरावर सरळ उभा घाव घातला तर आत पांढरा डाग उठतो आणि तो घासूनही सहज जात नाही. म्हणून छिन्नी तिरकी धरायला शिकवतात. लाकडात रेषांची दिशा पाहावी लागते. भाजणीची माती आतून पोकळ ठेवून सावकाश वाळवतात, अन्यथा भट्टीत वाफेने ती फुटते.

जे. जे.मध्ये शिकलेल्या वि. पां. करमरकर यांनी पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) ब्राँझमध्ये केला. अलिबागजवळच्या सासवणे येथील आपल्या घराच्या आवारात मात्र त्यांनी सिमेंट काँक्रीट वापरले. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प सिमेंट आणि मुरूम थेट सांगाड्यावर थापून घडवले, म्हणजे साच्याचा टप्पाच गाळला. धातूच्या भंगाराचे वेल्डिंग मुंबईत रुजवणाऱ्यांत आदी दाविएरवाला आणि पिलू पोचखानवाला हे प्रमुख होत; दोघेही कलाशाळेच्या शिल्पवर्गातून आलेले नव्हते, पण दोघांनीही शिल्पकार ना. ग. पानसरे यांचे मार्गदर्शन घेतले होते.