कुठला रोबो कुठल्या कामाला?

वेबव्हॅन ही किराणा घरपोच देणारी अमेरिकन कंपनी २००१ साली दिवाळखोरीत गेली. तिथे काम केलेल्या मिक माउंट्झ यांच्या डोक्यात मात्र एक हिशेब घोळत राहिला. गोदामातल्या माणसाचा बराचसा वेळ वस्तू उचलण्यात नाही, वस्तूपर्यंत चालत जाण्यात खर्च होतो. मग वस्तू ठेवलेली मांडणीच (रॅक) माणसाकडे आली तर? २००३ मध्ये त्यांनी किवा सिस्टिम्स ही कंपनी काढली. तिचे बुटके, चाकांवरचे रोबो मांडणीखाली शिरतात, ती उचलतात आणि जमिनीवर चिकटवलेल्या खुणा कॅमेऱ्याने वाचत ती पिकरपुढे, म्हणजे ऑर्डरच्या वस्तू काढणाऱ्या माणसापुढे, आणून उभी करतात. २०१२ मध्ये अॅमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. आपल्याकडे गुरुग्रामच्या ग्रेऑरेंजने बनवलेले रोबोही याच धाटणीचे.

माणसाची पायपीट वाचली, पण तिच्या जागी नवा प्रश्न आला. मांडण्या अनेक, रोबो अनेक. कुणी कुठली आणायची?

दहा रोबोंना प्रत्येकी एक अशी दहा कामं वाटायचे ३६,२८,८०० प्रकार होतात. वीस रोबो आणि वीस कामं घेतली, तर प्रकारांची संख्या एकोणीस अंकी होते. एकेक प्रकार तपासत बसणं अशक्य, पण त्याची गरजही नाही. १९५५ मध्ये हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने यावर एक नेटकी रीत मांडली. ती कोनिग आणि एगेर्वारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर उभी होती, म्हणून तिला ‘हंगेरियन पद्धत’ हे नाव पडलं. (पुढे लक्षात आलं की याकोबी या जर्मन गणितज्ञाने हेच एकोणिसाव्या शतकात शोधलं होतं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, १८९० मध्ये, लॅटिनमध्ये छापलंही गेलं होतं!) कुठल्या रोबोला कुठल्या कामासाठी किती वेळ लागेल याचा तक्ता भरून दिला, की एकूण वेळ सर्वांत कमी लागेल अशी वाटणी ही पद्धत हमखास काढून देते.

अडचण आहे ती तक्त्यातच. एखादा रोबो ४० सेकंदांत पोचेल असं आपण लिहितो. पण त्याच गल्लीत आणखी सहा रोबो पाठवले, तर ४० चे ९० होतील. म्हणजे वाटणी केली की तक्त्यातले आकडेच बदलतात. शिवाय तक्त्यात फक्त आत्ताची कामं असतात. पाच मिनिटांनी येणाऱ्या ऑर्डरला त्यात जागा नाही.

रिक्षावाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. लांबचं भाडं चांगलं असतं, पण तिथून परतीचं गिऱ्हाईक मिळणार नसेल तर तो नाही म्हणतो. त्याच्या मनात प्रत्येक ठिकाणाची एक किंमत ठरलेली असते: या वेळेला इथे असणं किती फायद्याचं? रिइन्फोर्समेंट लर्निंग ही संगणकाला अनुभवातून शिकवण्याची पद्धत नेमकी हीच किंमत शिकून घेते. संगणकाला नियम सांगायचे नाहीत. परिस्थिती दाखवायची, निर्णय घेऊ द्यायचा आणि निकालानुसार गुण द्यायचे. लाखो फेऱ्यांनंतर कुठल्या परिस्थितीतून पुढे सरासरी किती गुण मिळतात याचा अंदाज त्याच्याकडे तयार होतो. या विचाराचं गणित रिचर्ड बेलमन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० च्या दशकात मांडलं. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी या शाखेचा पाया रचला, आणि त्यासाठी त्यांना संगणकशास्त्रातलं मानाचं ट्युरिंग पारितोषिक २०२४ साठी मिळालं.

या लाखो फेऱ्या खऱ्या गोदामात होत नाहीत. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या एरिथ इथल्या ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीच्या गोदामात तीन रोबो एकमेकांवर आदळले आणि आग लागली. शिकाऊ प्रणालीला तिथे चुका करायला कोण सोडेल? म्हणून आधी संगणकात गोदामाची नक्कल उभी करतात. नकलेतली चाकं घसरत नाहीत, बॅटऱ्या जुन्या होत नाहीत, त्यामुळे तिथला हुशार विद्यार्थी खऱ्या फरशीवर अडखळू शकतो. दुसरा घोळ श्रेयाचा. शंभर रोबोंनी मिळून तासाभराचं काम लवकर उरकलं, तर गुण कुणाच्या कुठल्या निर्णयाला द्यायचे?

माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत शहाणी कल्पना म्हणजे सगळं काही शिकवायला न जाणं. चीनच्या दीदी या टॅक्सी कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हीच वाट दाखवली. कुठे, कुठल्या वेळी गाडी असणं किती मोलाचं हे अनुभवाच्या आकड्यांतून शिकायचं; ते मोल तक्त्यात भरायचं आणि वाटणी मात्र कून यांच्या पद्धतीवर सोपवायची. गोदामातही हे जमतं. दूरदृष्टी शिकलेल्या प्रणालीची, वाटणी जुन्या गणिताची, आणि टक्कर टाळण्याचं काम तिसऱ्याच, कडक नियमांच्या प्रणालीकडे. अॅमेझॉनचा ‘डीपफ्लीट’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्रॅम थोडा वेगळा आहे. तो रोबोंच्या हालचालींच्या प्रचंड नोंदींवरून पुढच्या हालचालींचा अंदाज बांधायला शिकतो. त्यामुळे रोबोंचा प्रवासाचा वेळ १० टक्क्यांनी घटेल, असं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं. हा आकडा कंपनीचा स्वतःचा, हे लक्षात ठेवून वाचावा.

राहता राहिले गुण. ते कशाचे द्यायचे हे यंत्र ठरवत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. फक्त तासाला किती मांडण्या आणल्या एवढंच मोजलं, तर प्रणाली जवळच्या मांडण्या पटापट आणायला शिकेल आणि कोपऱ्यातली ऑर्डर पडून राहील. म्हणून उशिराला दंड ठेवावा लागतो. रिकामं उभं राहण्याला दंड ठेवला, तर रोबो उगाच फिरत राहून वाट अडवतील.

आणि मांडणीसमोर उभ्या माणसाचं काय? त्याची पायपीट गेली, पण मांडण्या आता न थांबता येतात आणि वेग ठरवायचं त्याच्या हातात राहत नाही. ‘रिव्हील’ या अमेरिकन शोधपत्रकारिता संस्थेने २०२० मध्ये अॅमेझॉनच्या अंतर्गत नोंदी तपासल्या, तेव्हा रोबो असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण रोबो नसलेल्यांपेक्षा जास्त आढळलं. कंपनीने तो निष्कर्ष नाकारला. कारणं काहीही असोत, माणसाच्या खांद्याला आणि पाठीला गुणांच्या सूत्रात जागा दिली नाही, तर शिकणाऱ्या प्रणालीच्या लेखी ती नसतातच. सूत्रात अशी एक ओळ वाढवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. त्या बदल्यात तासाला किती मांडण्या कमी आणायच्या, हे मात्र गोदामाच्या मालकालाच ठरवावं लागेल.