खरा सेकंद घरी कसा तपासायचा

मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा 45 वर गेला की भिंतीवरचं साधं क्वार्ट्झ घड्याळ मागे पडू शकतं, आणि आपण सेल बदलतो. प्रत्येक वेळी दोष सेलचा नसतो. आतला क्रिस्टल म्हणजे क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, हा आकडा 2 चा 15 वा घात आहे म्हणून 15 वेळा अर्धा केला की बरोबर 1 सेकंदाचा ठोका मिळतो, आणि हा क्रिस्टल 25 अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात पळतो. गरम झाला तरी मंद, गार झाला तरी मंद! 25 पासून जितके अंश लांब गेलात त्याचा वर्ग करायचा, 0.034 ने गुणायचं, तितके पीपीएम म्हणजे दहा लाखात तितके भाग तो मागे पडतो. 45 अंशाला हे 13.6 होतात, म्हणजे दिवसभर तसंच तापमान राहिलं तर साधारण 1.2 सेकंद. डिसेंबरातल्या 10 अंशाच्या थंडीतही दिवसाला साधारण 0.66 सेकंद मागे पडतं.

पण हे बघायचं कशाशी लावून? एकट्या घड्याळाची परीक्षाच होत नाही, दुसरं त्याच्यापेक्षा चांगलं घड्याळ शेजारी लागतं. टीव्हीवरची वेळ सोडून द्या, ती सेटटॉप बॉक्समधून यायला काही सेकंदही लागतात. रेडिओवरचे बातम्यांआधीचे ठोके उपग्रहातून फिरून आले तर पाव सेकंद तिथेच गेला. आपली अधिकृत भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली अणुघड्याळं ठरवतात, ती इंटरनेटवरून मिळते पण घरच्या नेटवर मिलिसेकंदांचा घोळ राहतोच.

म्हणून छंदवाल्यांसाठी सगळ्यात सोपी वाट म्हणजे जीपीएस मॉड्यूल, उपग्रहांकडून वेळ घेणारी छोटीशी सर्किटची पट्टी. निओ-6एम सारखं मॉड्यूल काही शे रुपयांत मिळतं, आणि त्यावर पीपीएस नावाची एक पिन असते जिच्यावर दर सेकंदाला एक पल्स (विजेचा छोटा ठोका) येते. कंपनी सांगते की तिची चूक साधारण 30 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 30 अब्जांश. तेवढ्या वेळात प्रकाश फक्त 9 मीटर जातो! अँटेना मात्र उघड्यावर पाहिजे, आपल्याकडच्या धाब्याच्या घराचं छत त्यासाठी उत्तम, पत्र्याखाली ठेवली तर काही खरं नाही.

आता हा पल्स लॅपटॉपच्या साउंड कार्डात घाला, मला तर ही पद्धत सगळ्यात आवडते कारण वेगळं मोजयंत्र विकत घ्यावं लागत नाही. साउंड कार्डही आतल्या क्रिस्टलच्या तालावर चालतं, इथे परीक्षा त्याचीच होते. थेट जोडू नका, 3.3 व्होल्ट माइकला झेपणार नाही. 100 किलोओहम आणि 1 किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून तो 33 मिलिव्होल्टवर आणा. मग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 48,000 चा रेट (सेकंदाला आवाजाचे तितके नमुने, म्हणजे सॅम्पल) ठेवून रेकॉर्डिंग चालू करा, आवाज सुधारणारे सगळे पर्याय बंद करा (ते पल्स खाऊन टाकतात), आणि पहिल्या पल्सपासून हजार सेकंदांनंतरच्या पल्सपर्यंत सॅम्पल मोजा. 4,80,00,000 यायला पाहिजेत. समजा 4,80,01,200 आले, तर तुमच्या कार्डाचा क्रिस्टल 25 पीपीएम जोरात पळतोय. एका सॅम्पलची रुंदी 20.8 मायक्रोसेकंद आहे, म्हणजे एका सेकंदात मोजलं तर हे मापन भोंगळ, पण हजार सेकंद थांबलं की तीच चूक 0.02 पीपीएमवर येते. महागडं यंत्र नसेल तर धीर वापरायचा, एवढंच. मध्येच एखाद्या सेकंदाला अचानक शेकडो सॅम्पलचा उडी मारल्यासारखा फरक दिसला तर तो क्रिस्टलचा दोष नाही, संगणकाने मधलं रेकॉर्डिंग गाळलंय. हाच प्रयोग पहाटे आणि नंतर दुपारी कूलर बंद करून केला तर तापमानाचा परिणाम आकड्यात दिसतो, खान्देशात त्यासाठी वेगळी भट्टी लागत नाही.

आर्डुइनो (छंदवाल्यांचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना, त्याच्या उनो बोर्डावर मुख्य चिपला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर, म्हणजे ताल देणारा स्वस्त सिरॅमिकचा तुकडा असतो, तो हजारो पीपीएम चुकू शकतो. पीपीएसने तो तपासायला मजा येते, पण त्यालाच प्रमाण मानून दुसरं काही मोजू नका.

आता पल्स स्वतः किती बरोबर? दोन मॉड्यूल घ्या, दोघांच्या पीपीएस तारा एका स्वस्त 24 मेगाहर्ट्झ लॉजिक अॅनालायझरला (पल्स कधी आली ते संगणकावर नोंदवणारं यंत्र) लावा, तो 42 नॅनोसेकंदांचा फरक पकडतो. तुमचं मापन खरंच फरक पकडतंय का हे आधी तपासायचं असेल तर एका पीपीएस तारेत डिशची 25 मीटर केबल मध्ये घाला, सुरुवातीला 75 ओहमचा रेझिस्टर लावून. त्या केबलमध्ये सिग्नल मीटरला साधारण 4 नॅनोसेकंद घेतो, म्हणजे 100 च्या आसपास नॅनोसेकंद सरकलेलं दिसायला पाहिजे, दोन-तीन सॅम्पल. नाही दिसलं तर मॉड्यूलवर शंका घेण्याआधी जोडणी बघा.

दोन्ही मॉड्यूल जुळले म्हणजे दोन्ही बरोबर, असं मात्र समजू नका, एकाच आकाशातले तेच उपग्रह आणि तीच वातावरणाची चूक दोघांनाही लागते. कोण किती डगमगतंय हे कळायला तिसरं, वेगळ्या जातीचं घड्याळ लागतं, म्हणजे भट्टीतला (एकाच तापमानावर गरम ठेवलेला) क्रिस्टल किंवा जुन्या मोबाइल टॉवरमधून निघालेलं रुबिडियम अणुघड्याळ. तिघांच्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीच्या डगमगीचा वर्ग काढा, पहिल्याच्या दोन्ही जोड्यांचे वर्ग जोडा, उरलेल्या दोघांच्या जोडीचा वर्ग वजा करा, अर्धं करा. जे येतं तो एकट्या पहिल्याच्या डगमगीचा वर्ग. कधी कधी इथे उत्तर ऋण येतं, जे शक्यच नाही, आणि तेव्हा समजायचं की डेटा कमी घेतलाय किंवा तिन्ही घड्याळं खरोखर एकमेकांपासून वेगळी नाहीत.