यूकेच्या बोर्डिंगमधे सिक्स्थ फॉर्मला जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि तयारी, सगळं एका जागी

माझी लेक दहावीनंतर इंग्लंडच्या बोर्डिंग स्कूलला गेली आणि तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले बरेच जण फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. बहुतेकांचा पहिला प्रश्न फी किंवा मार्कांचा असतो. पण मी अख्खी फाइल स्वतः केली, एजंट लावला नाही, आणि मला जे कळलं ते असं की ही कॉलेजला जाणाऱ्या मोठ्या मुलाची फाइल नाहीये, ही 18 पूर्ण न झालेल्या लेकराची फाइल आहे, आणि शाळा काय, व्हिसावाले काय, सगळे फिरून फिरून एकच विचारतात की या मुलाची जबाबदारी कोणावर. ते उत्तर पक्कं असेल तर बाकीचे कागद सरळ होत जातात.

आधी सिक्स्थ फॉर्म म्हणजे काय ते. इयर 12 आणि इयर 13, म्हणजे आपली अकरावी-बारावी. बहुतेक मुलं ए लेव्हलला, म्हणजे तिकडच्या बारावीच्या परीक्षेला, तीन विषय घेतात, काही शाळांत आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट हा दुसरा अभ्यासक्रम असतो. तीनच विषय म्हणून निवड फार विचार करून करायची, मेडिकलला जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री हवंच, इंजिनिअरिंगला मॅथ्स हवंच आणि झेपत असेल तर फर्दर मॅथ्स, म्हणजे मॅथ्सचाच वरच्या पातळीचा वेगळा विषय. इयर 13 सुरू झालं की लगेच युनिव्हर्सिटीचे अर्ज सुरू होतात, ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिनची शेवटची तारीख 15 ऑक्टोबर असते, म्हणजे नवीन शाळेत रुळायला मुलाला खरं तर एकच वर्ष मिळतं.

वय आणि कुठल्या शाळेत जाता येतं

इंग्लंड आणि वेल्समधे वर्ग ठरतो तो 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट या जन्मतारखेवर. सप्टेंबर 2027 ला इयर 12 मधे जाणारी मुलं म्हणजे 1 सप्टेंबर 2010 ते 31 ऑगस्ट 2011 मधे जन्मलेली. आपल्याकडे सप्टेंबर ते डिसेंबरमधे जन्मलेली बरीच मुलं पंधरा पूर्ण असतानाच दहावी देतात, त्यांनी तिकडच्या वयोगटात पाहिलं तर ती एक वर्ष लहान ठरतात. काही शाळा तरीही घेतात, काही म्हणतात आधी इयर 11 किंवा एक वर्षाचा जीसीएसई, म्हणजे तिकडच्या दहावीचा, कोर्स करा. हा प्रश्न पहिल्याच मेलमधे जन्मतारीख लिहून विचारा, माझ्या मैत्रिणीला मुलाची परीक्षा झाल्यावर कळलं आणि सगळं बजेट एका वर्षाने वाढलं.

दुसरं, तिकडे सरकारी बोर्डिंग शाळा पण असतात, शिक्षण फुकट आणि फक्त राहण्याचे पैसे, ते वाचून आपले लोक खुश होतात. पण त्या शाळा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या किंवा तिथे राहायचा हक्क असलेल्या मुलांसाठी आहेत, भारतातून व्हिसा काढून तिथे जाता येत नाही. आपल्याला खासगी शाळाच, आणि तिच्याकडे होम ऑफिसचं, म्हणजे तिकडच्या गृहखात्याचं, स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी मुलं घ्यायची परवानगी पाहिजे, ती यादी सरकारी साइटवर सगळ्यांना बघता येते, शाळेचं नाव तिथे शोधूनच पुढे जा.

अर्ज करायचा साधारण एक वर्ष आधी. बऱ्याच शाळांची प्रवेश परीक्षा आदल्या नोव्हेंबरमधे असते, म्हणजे मूल दहावीत असतं, प्रिलिम पण झालेली नसते. जे विषय घ्यायचेत त्यांचे पेपर, इंग्लिशची टेस्ट, मग ऑनलाइन इंटरव्ह्यू. इकडून लागतात ते आठवी-नववीचे रिपोर्ट, दहावीचे अपेक्षित मार्क आणि मुख्याध्यापकांचं गोपनीय पत्र, जे शाळेतून थेट त्यांच्या मेलवर जातं. मराठी मीडियमची किंवा साध्या शाळेतली मुलं इथे घाबरतात, तर सरांना आधी भेटून समजावून सांगा की पत्रात फक्त "चांगली वर्तणूक" नको, मुलगी वर्गात काय विचारते, काय करते, ते चार ओळीत लिहा. आमच्या सरांनी लिहिलं होतं की प्रयोगशाळेतल्या बंद पडलेल्या सूक्ष्मदर्शकाची काच तिने स्वतः पुसून तो चालू केला, आणि इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्यावरच आला.

ऑफर आली की डिपॉझिट. परदेशी मुलांकडून बऱ्याच ठिकाणी एका टर्मची फी घेतात. सही करायच्या आधी दोन गोष्टी वाचा. एक म्हणजे सांगितलेल्या फीमधे व्हॅट धरलाय का, कारण 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट आहे आणि तो राहण्याच्या फीवर पण आहे. दुसरं, शाळा सोडायची तर एक पूर्ण टर्म आधी लेखी कळवायचं, नाहीतर त्या टर्मची फी द्यावी लागते, हे जवळजवळ सगळ्या करारात असतं.

गार्डियन, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

हा शब्द ऐकून आपण म्हणतो, आहे की, माझा मावसभाऊ तिकडे इंग्लंडात स्लाऊला आहे. नुसतं असून भागत नाही. शाळेला यूकेत राहणारा, बहुतेक ठिकाणी 25 वर्षांवरचा आणि स्वतः विद्यार्थी नसलेला माणूस हवा असतो, जो रात्री फोन आला तरी उचलेल, मुलाला ताप आला, सस्पेंड केलं, फ्लाइट रद्द झाली तर घरी नेईल. ऑक्टोबरच्या शेवटी, फेब्रुवारीच्या मधे आणि मे अखेर हाफ टर्मची सुट्टी असते, शिवाय मधेमधे एक्झिट वीकएंड, म्हणजे मुलांनी शाळेबाहेर राहायचे शनिवार-रविवार, तेव्हा कित्येक बोर्डिंग हाउस चक्क बंद होतात, मुलं तिथे राहूच शकत नाहीत. मग मावसभावाला स्पष्ट विचारा की वर्षातून इतके दिवस माझी मुलगी तुझ्याकडे राहील, चालेल का, वहिनीला पण विचारा, आणि संकोच वाटत असेल तर एईजीआयएस या संस्थेची मान्यता असलेली गार्डियन एजन्सी घ्या, तिचे वेगळे पैसे पडतात पण ते लोक यजमान घराची तपासणी करून ठेवतात. मूल 16 पेक्षा लहान असेल आणि जवळच्या नात्यात नसलेल्या घरी 28 दिवस किंवा जास्त राहणार असेल तर तिथल्या काउन्सिलला कळवावं लागतं, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांनी हे आधीच बघा.

व्हिसा

व्हिसाचं नाव चाइल्ड स्टुडंट, 4 ते 17 वयासाठी. 16-17 वर्षांची मुलं मोठ्यांच्या स्टुडंट व्हिसावर पण जाऊ शकतात पण तिथे इंग्लिशचा पुरावा लागतो आणि चाइल्ड स्टुडंटला लागत नाही, त्यामुळे शाळा सहसा हाच सांगते. शाळा कॅस देते, म्हणजे प्रवेश पक्का असल्याचा व्हिसासाठीचा एक नंबर, तो मिळाल्यापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज करायचा आणि कोर्स सुरू व्हायच्या 6 महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. निर्णय बहुतेक 3 आठवड्यात येतो. व्हिसा फी 2025 च्या एप्रिलमधे 524 पाउंड केली होती, भरायच्या दिवशी साइटवर जी असेल ती भरायची. त्याच्यावर हेल्थ सरचार्ज वर्षाला 776 पाउंड, आणि दोन वर्षांच्या कोर्सला पुढचेमागचे महिने धरून व्हिसा सव्वादोन वर्षांच्या आसपास जातो म्हणून अडीच वर्षांचे, म्हणजे 1940 पाउंड एकदम जातात. हे भरलं की मुलाला तिथली एनएचएसची, म्हणजे सरकारी दवाखान्यांची, सेवा मिळते.

कागद म्हणजे पासपोर्ट, कॅस, जन्मदाखला, आईवडिलांचं संमतीपत्र, पैशाचा पुरावा आणि टीबीचं सर्टिफिकेट. टीबीची टेस्ट त्यांच्या मान्यताप्राप्त क्लिनिकमधेच करायची, आपल्या फॅमिली डॉक्टरचा एक्सरे चालत नाही, आणि सर्टिफिकेट 6 महिने चालतं. बोटांचे ठसे द्यायला मुलासोबत मोठं माणूस लागतं.

संमतीपत्रात आईवडील दोघांच्या सह्या, अर्जाला आमची संमती आहे, मूल एकटं प्रवास करेल, विमानतळावर अमुक माणूस घ्यायला येईल, तिकडे राहण्याची आणि देखभालीची सोय अशी अशी आहे, हे सगळं स्पष्ट. घटस्फोट झालेला असेल, एक पालक नसेल, तर कोर्टाचा ताबा-आदेश किंवा मृत्यूदाखला जोडा, मोघम ठेवू नका.

जन्मदाखला आजच कपाटातून काढून बघा. आमच्या पिढीत बारशाच्या आधीच नगरपालिकेतून दाखला आणलेला असतो आणि त्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं "स्त्री" आणि आईवडिलांची नावं. ते नाव चढवून घ्यायला वेळ जातो. तसंच आईचं नाव दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, असं असेल तर लग्नाचा दाखला जोडा. मुलाचा पासपोर्ट 5 वर्षांचा असतो, 15 पूर्ण झाली की 10 वर्षांचा मागता येतो, संपत आला असेल तर आधी तो करून घ्या.

आता पैशाचा पुरावा, आमचं इथेच अडलं होतं. बोर्डिंगच्या मुलाला एका वर्षाची शिकण्याची आणि राहण्याची फी दाखवावी लागते, जी भरली असेल ती कॅसवर लिहून वजा होते. ती रक्कम सलग 28 दिवस खात्यात पाहिजे, आणि तो 28 वा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या 31 दिवसांच्या आत. खातं मुलाचं किंवा आईवडिलांचं. शेअर्स, म्युच्युअल फंड, फ्लॅट, सोनं यातलं काही धरत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी नातीसाठी एफडी मोडायची तयारी दाखवली, ते जेवणाच्या टेबलावर चष्मा पुसत पासबुक उघडून बसले होते, पण आजोबांचं खातं चालत नाही म्हणून पैसे आमच्या खात्यात घेतले आणि दिवस मोजायला लागलो. एकोणिसाव्या दिवशी विम्याचा हप्ता ऑटो डेबिटने गेला, बॅलन्स काही हजारांनी खाली आला, परत पहिल्यापासून 28. म्हणून हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, ज्याला ना ईएमआय जोडलेला ना यूपीआय, आणि थोडे जास्तच ठेवा.

फी पाठवताना बँकेत ए-टू, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा, फॉर्म भरावा लागतो आणि पॅन लागतो, मुलाच्या नावाने पाठवायचे तर मुलाचं पॅन. वर्षाला 10 लाखांच्या वर गेलं की टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापतात, तो रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो, आणि शिक्षण कर्जातून गेलेल्या पैशावर कापत नाहीत.

हे पण ठरवण्याआधी वाचा

बाहेर बारावी केली तर महाराष्ट्रात एमबीबीएसच्या स्टेट कोट्यातली सीट जाते, कारण त्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. "नाहीच जमलं तर परत येऊन नीटची परीक्षा देईल" असं कोणी म्हणत असेल तर हे त्यांना सांगा. आणि दोन वर्षं तिथे शिकलं म्हणून तिथल्या युनिव्हर्सिटीत लोकल फी लागत नाही, परदेशी विद्यार्थ्याचीच लागते.

एवढे पैसे नसतील तर यूडब्ल्यूसीचा, म्हणजे युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसचा, रस्ता बघा, मला तो मनापासून आवडतो. वेल्समधे 1962 ला सुरू झालेलं अटलांटिक कॉलेज त्यांचंच, दोन वर्षांचं आयबी, निवड भारतातल्या समितीकडून होते आणि घरच्या परिस्थितीप्रमाणे मदत मिळते. त्यांचंच एक कॉलेज 1997 पासून आपल्या मुळशीजवळ आहे.

बॅग

शाळेची यादी येते, तीच धरा. सिक्स्थ फॉर्मला बऱ्याच ठिकाणी युनिफॉर्म नसतो, सूट घालायचा असतो, तो इथून एकच शिवून न्या, मुलं त्या वयात वाढतात. प्रत्येक कपड्यावर नाव शिवलेलं पाहिजे, मोज्यांवर पण. माझ्या आईने बसून ऐंशीच्या वर पट्ट्या टाचल्या, पांढऱ्या पट्टीवर लाल अक्षरं, शेवटच्या काही तर मोतीबिंदूच्या डोळ्याने नुसत्या चाचपून. प्लग तीन चौकोनी पिनांचा, किटली, इस्त्री, अगरबत्ती खोलीत चालत नाही. लसींचं कार्ड न्या, एमएमआरचे दोन डोस आणि मेनिंजायटिसची एसीडब्ल्यूवाय लस झाली का ते शाळा विचारते. औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि पोचल्यावर मेट्रनकडे, म्हणजे हाउसमधे मुलांची काळजी घेणाऱ्या बाईंकडे, जमा, आपली क्रोसिनसुद्धा मुलांनी स्वतःजवळ ठेवायची नाही. साजूक तूप आणि पेढे बॅगेत घालू नका, बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला छोट्या डब्यात द्या, आठ-दहा दिवसांनी त्याचीच आठवण येते.

विमानात हातातल्या बॅगेत एक प्लास्टिकची फाइल असू द्या, संमतीपत्राची मूळ प्रत, कॅसचं पत्र, टीबीचं सर्टिफिकेट, शाळेचा आणि गार्डियनचा नंबर कागदावर लिहिलेला. बीआरपी, म्हणजे पूर्वी मिळायचं ते राहण्याच्या परवान्याचं कार्ड आता बंद झालंय, सगळं ई-व्हिसावर आहे, तर त्याच्या लॉगिनचा मोबाइल नंबर आणि ईमेल मुलाला स्वतःला उघडता येईल असाच द्या, बाबांच्या भारतातल्या सिमवर ओटीपी येत राहिला तर तिकडे रात्री आठला लागणारा कोड इकडे मध्यरात्रीनंतर येतो आणि फोन सायलेंटवर असतो.