एमजीबी मोटारीतील स्टार्टर व शक्तिवहन भागांची जुळणी

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधील निकामी स्टार्टर मोटर, म्हणजे आपल्याकडील गॅरेजांत जिला ‘सेल्फ’ म्हणतात ती, बदलताना नवा भाग फ्लायव्हील (इंजिनामागचे जड चक्र), रिंग गिअर (त्याच्या कडेवरील दातेरी कडे), बॅकप्लेट (इंजिनाच्या मागचा पत्रा) आणि गिअरबॉक्स यांच्याशी जुळतो की नाही हे पाहून निवडावा लागतो. या कामाचे नमुनेदार उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही मोटार. तिचे नाव अठरा वर्षे तेच राहिले आणि १७९८ सीसीचे बी-सिरीज इंजिनही बाहेरून फारसे बदललेले दिसत नाही. पण आतील भाग टप्प्याटप्प्याने बदलत गेल्याने ‘एमजीबीचा सेल्फ’ एवढ्या सांगण्यावरून योग्य भाग मिळत नाही.

सर्वांत मोठा बदल १९६७ च्या अखेरीस, मार्क दोन आवृत्तीबरोबर झाला. त्याआधीच्या गाड्यांत लुकास कंपनीचा जडत्वावर चालणारा स्टार्टर होता. मोटर झटक्यात फिरू लागली की मळसूत्री शाफ्टवर बसवलेले छोटे दंतचक्र, म्हणजे बेंडिक्सचे पिनियन, जडत्वामुळे मागे राहते, मळसूत्रावरून सरकते आणि रिंग गिअरमध्ये अडकते. इंजिन सुरू होऊन रिंग गिअर त्याच्याहून वेगाने फिरू लागला की ते बाहेर फेकले जाते. या रचनेत सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकी स्विच, स्टार्टरवर नसून वेगळा बसवलेला असतो. मार्क दोनमध्ये सोलेनॉइड स्टार्टरच्याच अंगावर आला. तो तरफेने पिनियन आधी दात्यांत ढकलतो आणि मगच मोटरला पूर्ण प्रवाह देतो. त्याच वेळी पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर न खरडता बदलण्याची सोय) असलेला नवा गिअरबॉक्स आल्याने बॅकप्लेट आणि फ्लायव्हीलही बदलले. म्हणून १९६६ च्या गाडीला १९७० चा स्टार्टर लावणे हा एका भागाचा प्रश्न राहत नाही. इंजिन एका काळाचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या काळाचा असेल, तर स्टार्टर, रिंग गिअर, फ्लायव्हील आणि बॅकप्लेट हे चार भाग एकच संच मानून निवडले पाहिजेत. गाडीच्या नोंदणीचे वर्ष येथे कामाचे नाही. पन्नास-साठ वर्षांत बहुतेक गाड्यांचे इंजिन किंवा गिअरबॉक्स एकदा तरी बदललेले असते.

ओळख पटवण्यासाठी आधी इंजिनवरील पट्टी वाचावी. ‘१८जीबी’ या अक्षरांवरून पाच मुख्य बेअरिंगांचे, १९६४ पासूनचे इंजिन समजते. त्याआधीच्या ‘१८जी’ आणि ‘१८जीए’ इंजिनांत अशी बेअरिंगे तीनच होती. हा फरक गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो, कारण क्रँकशाफ्टच्या टोकात शिरणाऱ्या गिअरबॉक्सच्या पहिल्या शाफ्टचे टोक दोन्हींत सारखे नाही. नंतर स्टार्टरच्या लोखंडी अंगावर ठोकलेले शिक्के पाहावेत. घासलेल्या रंगाखाली ‘एम४१८जी’ किंवा ‘२एम१००’ अशी अक्षरे आणि शेजारी उत्पादनकाळाचा अंक सापडतो. या नावांत माप दडलेले आहे: ४१८ म्हणजे सव्वाचार इंचांहून थोडा कमी, ४ १/८ इंच व्यास, तर १०० म्हणजे १०० मिलिमीटर.

दाते मात्र हातानेच मोजावेत. खडूने एका दात्यावर खूण करून फ्लायव्हील पूर्ण फिरवावे. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना दाबामुळे बहुधा समोरासमोरच्या दोन ठरावीक जागीच थांबते, त्यामुळे तेथील दाते आधी झिजतात. बाकीचे दाते धडधाकट आणि तेवढेच कडेला दुमडलेले, चकाकणारे, असे दृश्य दिसते. अशा रिंग गिअरवर नवा स्टार्टर चढवला तर त्याचेही पिनियन लवकर खराब होते. नवी रिंग तापवून, प्रसरण पावल्यावर फ्लायव्हीलवर बसवतात; दात्यांची उतरती कड पिनियन ज्या बाजूने शिरते त्याच बाजूला आली पाहिजे, आणि रिंग जास्त तापवली तर पोलादाचा कडकपणा जातो.

अलीकडे अनेक मालक हलका, गिअर रिडक्शनचा (आतील दंतचक्रांनी वेग कमी करून जोर वाढवणारा) आधुनिक स्टार्टर बसवतात. तो कमी प्रवाहात जोराने फिरतो, पण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे, आणि हा मुद्दा हमखास विसरला जातो. जुन्या लुकास मोटरमध्ये क्षेत्र-कुंडले (चुंबकक्षेत्र निर्माण करणारी तारेची वेटोळी) आर्मेचरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, एकसरीत असल्याने टोके उलटली तरी ती त्याच दिशेने फिरते. कायमचुंबकाचा आधुनिक स्टार्टर मात्र उलटा फिरेल.

भारतीय वाचकाला या इंजिनाचा एक नातलग परिचित आहे. अ‍ॅम्बॅसॅडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच बी-सिरीजचे, आणि एमजीबीच्या आधीची, १९५५ ची एमजीए ही मोटार त्याच मापाच्या इंजिनावर चालत असे. लुकासचे तंत्र भारतात लुकास-टीव्हीएसमुळे रुजले. तरीही घराणे एक म्हणजे भाग एक, असा अर्थ होत नाही. अ‍ॅम्बॅसॅडरचा भाग हाती आला तरी दाते आणि व्यास मोजल्याखेरीज तो एमजीबीला लावू नये.

मागील एक्सलबाबतही तोच नियम आहे. उघड्या छताच्या गाडीला १९६७ पर्यंत बँजो प्रकारचा (बँजो वाद्यासारख्या गोल मध्यभागाचा) एक्सल होता, तर बंद छताच्या जीटीला १९६५ मध्ये ती आली तेव्हापासूनच नळीच्या रचनेचा. दोन्हींत अंतिम गुणोत्तर ३.९०९, म्हणजे ४३ दात्यांना ११, हेच राहिले, पण आतील भाग एकमेकांत बसत नाहीत. आरेवाल्या तारांच्या चाकांसाठीचा एक्सल साध्या चाकांच्या एक्सलपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे फक्त हब (चाक ज्यावर बसते तो भाग) बदलून चाकांचा प्रकार बदलला तर चाक मडगार्डला घासू शकते. गिअरबॉक्स बदलला असेल तर स्पीडोमीटरची तबकडीही पाहावी: तिच्यावर बारीक अक्षरांत दर मैलाला केबल किती फेरे घेते तो आकडा छापलेला असतो, आणि तो त्या गिअरबॉक्सशी जुळत नसेल तर काटा वेग चुकीचा दाखवतो.