बा परगण्याचे दप्तर : वर्गवारीच्या वादाची पार्श्वभूमी

चोंगछिंग हे नदीबंदर ज्या बा परगण्याचे मुख्य ठाणे होते, त्या परगण्याच्या कचेरीचे छिंग राजवटीच्या काळातील दप्तर आज चीनच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासात मध्यवर्ती मानले जाते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९११ पर्यंतच्या सुमारे १ लाख १३ हजार संचिका त्यात आहेत. हे कागद कचेरीच्या मूळ विभागांनुसार न ठेवता आधुनिक विषयांनुसार लावले गेले, ते कितपत योग्य झाले, हा त्यांच्या वर्गवारीचा वाद आहे. देहदंडाची प्रकरणे पायरी-पायरीने बीजिंगपर्यंत जात आणि तेथील दप्तरांत सापडतात. परंतु फटक्यांच्या शिक्षेपलीकडे न जाणारे खटले परगण्याच्या अंमलदाराच्या अखत्यारीतच निकालात निघत. शेताचा बांध, थकलेले कर्ज, मोडलेली सोयरीक किंवा धक्क्यावरील हमालांची मारामारी यांची नोंद वर जाण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे साध्या माणसाचे म्हणणे कानावर घ्यायचे असेल तर परगण्याच्या कागदांना पर्याय नाही.

छिंगपूर्वीच्या मिंग राजवटीच्या अखेरच्या धामधुमीत बा परगणा ज्यात मोडे तो सिच्वान प्रांत ओस पडला आणि पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत मुख्यतः हूबेइ-हूनान भागातून लोक येऊन तो पुन्हा वसला. जुन्या नात्यागोत्यांचे जाळे नसलेला, परगावच्या माणसांनी भरलेला हा मुलूख होता, आणि येथे कज्जे मुबलक का झाले याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. व्यापारातील तंटे आठ प्रांतांच्या व्यापारी संघांचे पुढारी मिटवीत. बाकीचे लोक कचेरीचा रस्ता धरीत. १८९१ साली चोंगछिंग परदेशी व्यापाराला खुले झाले आणि त्यानंतरच्या कागदांत नवीन करांवरून झालेल्या कुरबुरींची भर पडली.

फिर्याद छापील चौकटींच्या कागदावर, परवानाधारक लेखनिकाकडून लिहून घेऊन द्यावी लागे. किरकोळ फिर्यादी ठराविक तिथींनाच घेतल्या जात आणि चांद्र पंचांगाच्या चौथ्या ते सातव्या महिन्यात, शेतीच्या हंगामात, त्या बंद असत. स्त्रीला फिर्याद करायची तर सोबत पुरुष प्रतिनिधीचे नाव द्यावे लागे. अंमलदाराचा शेरा, शिपायांच्या हाती दिलेले हुकूमपत्र, जबान्या आणि शेवटी निवाडा मान्य असल्याची उभयपक्षांची लेखी कबुली असा कागदांचा क्रम असे. पण असंख्य संचिका मध्येच तुटतात, कारण हुकूमपत्र निघाल्यावर पक्षकार बाहेरच तडजोड करून मोकळे होत. फिर्यादींमधील आक्रोश बराचसा लेखनिकाच्या साच्यातला असतो, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे लागतात.

जपानी हवाई हल्ल्यांच्या काळात परगण्याच्या प्रशासनाने हे दप्तर शहराबाहेर हलवून एका मोडक्या देवळात ठेवले आणि ते तेथेच राहिले. १९५३ साली एका संग्रहालयाने ते ताब्यात घेतले, पुढे ते एका विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे गेले आणि १९६३ मध्ये प्रांतिक अभिलेखागाराच्या हवाली झाले. या हस्तांतरांच्या काळात आणि त्यानंतर कागदांची जी मांडणी झाली, तीच आजच्या वादाचे मूळ आहे.

मूळ कचेरीचे काम फडांमध्ये, म्हणजे खात्यांमध्ये, वाटलेले होते : नेमणुका, महसूल, आचारविधी, लष्कर, फौजदारी व बांधकाम हे सहा आणि त्यांच्या जोडीला काही स्थानिक फड. नवी मांडणी करताना ही विभागणी बाजूला ठेवली गेली. कागद आधी बादशहाच्या कारकिर्दीनुसार आणि मग आधुनिक विषयांनुसार लावले गेले. न्यायदानाच्या भल्यामोठ्या विभागात जमीन, घरे, कर्ज, फसवणूक, कुटुंब, स्त्रिया, वारसा, मारहाण, चोरी, जुगार असे पोटविभाग पडले आणि प्रत्येक संचिकेला नवे शीर्षक मिळाले. देवळातून विस्कटून आलेल्या ढिगाला काही तरी शिस्त लावणे भागच होते, हे मान्य करायला हवे. मांडणी करणाऱ्या पिढीला वर्गसंघर्ष आणि चिनी भांडवलशाहीचे अंकुर यांचे पुरावे हवे होते, आणि १९८० च्या दशकाअखेरीपासून छापल्या गेलेल्या निवडक कागदांवरही व्यापार-उदीम आणि कारागिरीचाच वरचष्मा आहे.

तरीही या निर्णयाची किंमत मोठी आहे. कारकुनांचे पोट मुख्यतः खटल्यांच्या फीवर चाले, म्हणून कोणता खटला कोणत्या फडाकडे जावा यावरून फडाफडांत भांडणे होत. कागद फडातून उचलून विषयाच्या खणात ठेवला की हे अर्थकारण पहिल्या नजरेला दिसेनासे होते. पुष्कळ कागदांवर फडाचे नाव शिल्लक आहे, पण ते एकेक संचिका उघडून वेचावे लागते. ‘स्त्रिया’ हा खण तर विशेषच अडचणीचा आहे. दारिद्र्यामुळे नवऱ्याने बायको विकल्याची प्रकरणे तेथे मोठ्या संख्येने मिळतात. कायद्याने हा व्यवहार निषिद्ध होता आणि अंमलदार अनेकदा त्याकडे काणाडोळा करीत, हे त्यांतूनच उजेडात आले. परंतु शेतासाठी भांडणारी विधवा ‘जमीन’ या खणात जाऊन बसली. परिणामी एकच खण चाळणाऱ्या अभ्यासकाला स्त्री विकली गेलेली, पळालेली किंवा पळवलेलीच दिसत राहते.

याच प्रांतातील नानबू परगण्याच्या दप्तराशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. १६५६ पासूनच्या त्या सुमारे १८ हजार संचिका फडांनुसारच राहिल्या. तेथे मिठाचा स्वतंत्र फड आहे आणि लग्नाचे तंटे बहुतांशी आचारविधींच्या फडात सापडतात. विवाह हा त्या कचेरीच्या लेखी आचारधर्माचा विषय होता, हे मांडणीच सांगून जाते.

१९८० च्या दशकात परदेशी अभ्यासकांना बा दप्तर खुले होऊ लागले. १९८८ पासून अमलात आलेल्या कायद्याने अभिलेख साधारणपणे ३० वर्षांनी खुले करण्याचे बंधन घातले. १९९० च्या दशकात बा परगणा, बीजिंगजवळचा बाओदी आणि उत्तर तैवान येथील कागद शेजारी ठेवून मोठा वाद झाला : अंमलदार छिंग कायदेसंहितेप्रमाणे निवाडा देत, की समजूत घालून तंटा मिटवीत? हा प्रश्न गरजेपेक्षा जास्त ताणला गेला, असे वाटते; अर्धवट थांबलेल्या संचिकांना दोन्ही बाजूंच्या मांडणीत सोयीपुरतीच जागा मिळाली.

१९९७ मध्ये चोंगछिंग सिच्वानपासून वेगळे होऊन केंद्राच्या थेट अखत्यारीत गेले, दप्तर मात्र सिच्वानची राजधानी छंगदू येथील प्रांतिक अभिलेखागारातच राहिले. २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने खुले करण्याची मुदत २५ वर्षांवर आणली, परंतु गेल्या दशकभरात अनेक अभिलेखागारांत प्रत्यक्ष प्रवेश आखडत गेला आहे. सूक्ष्मपटावरून (मायक्रोफिल्म) वा पडद्यावरून वाचणाऱ्याला आजही आधी मांडणीकारांनी दिलेले शीर्षक भेटते आणि फडाचा शिक्का शोधावा लागतो तो त्यानंतर, आतल्या कागदांत.