भोक लहान, ज्योत तीच

पाइपच्या गॅससाठी बनवलेली शेगडी सरळ सिलिंडरला जोडली, तरी ती पेटते. पंचाईत तिथेच आहे. पेटलीच नसती तर माणूस थांबला असता. पण वर येते ती लांब, पिवळी, भुरभुरणारी ज्योत, आणि पाणी उकळेपर्यंत भांड्याच्या बुडाला काजळी धरलेली असते.

पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. सिलिंडरमध्ये प्रोपेन, ब्युटेन किंवा दोघांचं मिश्रण असतं. १ घनमीटर मिथेन जाळला की साधारण ३८ मेगाज्यूल उष्णता मिळते, प्रोपेनपासून सुमारे ९५. म्हणजे अडीचपट. साहजिकच हवाही तशीच लागते: एक भाग मिथेनला साडेनऊ भाग, एक भाग प्रोपेनला जवळजवळ २४.

आता गंमत बघा. तेवढीच उष्णता हवी असेल तर दोन्ही गॅसना हवा जवळपास सारखीच लागते. फक्त प्रोपेन घनफळाने कमी जातो, म्हणून त्यातल्या प्रत्येक थेंबभर गॅसला अडीचपट हवा ओढून आणावी लागते. शेगडीत पंखा नसतो. बर्नरखालच्या पितळी जेटमधून गॅसची धार सुसाट सुटते आणि वाटेतली हवा आपल्याबरोबर नळीत खेचून नेते. म्हणूनच सिलिंडरच्या गॅसला दाब जास्त देतात. पाइपच्या गॅसचा दाब शेगडीपाशी साधारण २० मिलिबार असतो, सिलिंडरच्या गॅसचा देशादेशाप्रमाणे ३० किंवा ३७. काही शेगड्यांच्या रेग्युलेटरचं टोपण काढून आतला तुकडा उलटा बसवला की हा बदल होतो.

मग जेटचं भोक किती लहान करायचं? अडीचपट नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, मिथेन तिच्या जेमतेम निम्म्या वजनाचा. आणि जड गॅस त्याच दाबाला हळू वाहतो. या दोन्ही गोष्टी एकत्र मोजणारा आकडा म्हणजे वोब्बे निर्देशांक: उष्णतेला सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागायचं. वाढलेला दाबही हिशोबात धरला तर भोकाचं क्षेत्रफळ निम्म्यावर येतं, व्यास सुमारे सात दशांशावर. १ मिलिमीटरच्या जागी ०.७. पुष्कळ जेटांवर हा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत कोरलेला असतो. भिंगाखाली धरला तर वाचता येतो.

जुनं भोक ठोकून बारीक करण्याची हुशारी काहींना सुचते. माझ्या मते याहून वाईट बचत नाही. भोक जरा वाकडं झालं की धार नळीच्या भिंतीवर आपटते, हवा कमी खेचली जाते आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. जेट उत्पादकाच्या संचातलाच हवा आणि काम प्रशिक्षित मेकॅनिकचं. जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे. गळलेला प्रोपेन वर न जाता जमिनीलगत साचतो, हे इथे विसरून चालत नाही.

एवढं झाल्यावर ज्योत निळी, आतला शंकू रेखीव दिसतो आणि काम संपलंसं वाटतं. पण नॉब ‘सिम’वर नेल्यावर गॅस ज्या बारीक वाटेने जातो तिचा स्क्रू राहिलेला असतो. तोही बदलायचा किंवा आत घट्ट फिरवायचा. मग नॉब मोठ्यावरून झटकन सिमवर आणायचा, शेगडीला ओव्हन असेल तर त्याचं दार दोन-तीनदा उघडून मिटायचं. ज्योत विझली किंवा फार मोठी राहिली, तर स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात.